बोलावणं कुणाकुणाला? पहिल्या आशियाई स्पर्धेची गोष्ट

मार्च १९५१ मध्ये दिल्लीत पहिल्या आशियाई स्पर्धा झाल्या आणि त्यात जपानचा संघ उतरला होता. स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकात हे एका ओळीत असतं आणि आपण ते पाठ करून पुढे जातो, कारण आज जपान कुठल्या स्पर्धेत नसतो? पण जरा तारीख बघा. मार्च १९५१ ला जपान अजून अमेरिकेच्या ताब्यात होता, टोकियोत जनरल मॅकआर्थर बसलेला होता, युद्ध संपवणारा सॅन फ्रान्सिस्कोचा करार व्हायला अजून सहा महिने होते. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकला जर्मनी आणि जपान दोघांनाही बोलावलंच नव्हतं. आणि अशा वेळी दिल्लीने, जिला स्वतः स्वतंत्र होऊन चार वर्षंही झाली नव्हती, जपानला सांगितलं की तुम्ही या.

मला या सगळ्या इतिहासात हीच गोष्ट सगळ्यात मोठी वाटते. पदकं, विक्रम, उद्घाटनं हे सगळं आहेच, त्याबद्दल लिहिणार आहेच, पण आशियाई स्पर्धांची सुरुवात नीट वाचायला घेतली की प्रत्येक वळणावर एकच प्रश्न येतो, कुणाला बोलवायचं आणि कुणाला नाही. आपल्याकडे लग्नात जसं एका राहिलेल्या पत्रिकेवरून दोन पिढ्या बोलणं बंद होतं ना, तसंच इथे देशादेशांत झालंय, एकदा नाही, अनेकदा.

आपल्याकडे आशियाई स्पर्धा म्हटलं की लोकांना १९८२ च आठवतं. अप्पू हत्ती, रंगीत टीव्ही, आणि महाराष्ट्रात तर एसटीच्या निमआराम गाडीलाच लोक कित्येक वर्षं एशियाड म्हणत होते, "एशियाड मिळाली तर बरं, नाहीतर लाल डबा आहेच" हे वाक्य स्वारगेटला दादरला कुणी ऐकलं नाही असं होणार नाही. त्यामुळे ८२ ने ५१ ला पार झाकून टाकलंय. त्यात ५१ चं चित्रण फार लोकांनी पाहिलेलं नाही, तेव्हा आपल्याकडे टीव्हीच नव्हता. म्हणून म्हटलं सविस्तर लिहूया.

तर सुरुवात ५१ च्या खूप आधीची आहे. १९१३ मध्ये मनिलात फार ईस्टर्न गेम्स म्हणून स्पर्धा सुरू झाल्या होत्या, फिलिपिन्स, चीन आणि जपान हे त्यातले मुख्य देश, मागे वायएमसीए या ख्रिस्ती युवक संघटनेची अमेरिकन माणसं, त्यातला एलवूड ब्राउन हा प्रमुख. या स्पर्धा चांगल्या वीस वर्षं चालल्या, दहा वेळा झाल्या, १९३० ला टोकियोत झाल्या तेव्हा हिंदुस्थाननेही एक छोटा संघ पाठवला होता. मग मोडल्या कशावरून? बोलावण्यावरूनच. जपानने मंचुरिया घेतला, तिथे मंचुकुओ नावाचं आपलं बाहुलं राज्य उभं केलं, आणि १९३४ ला हट्ट धरला की या मंचुकुओलाही स्पर्धेत घ्या. चीन कसा मान्य करणार, त्याचाच तो मुलुख. झालं, १९३४ नंतर ती स्पर्धा संपली ती संपलीच. पुढे चीन जपान युद्धच सुरू झालं.

गंमत म्हणजे त्याच १९३४ साली इकडे दिल्लीत दुसरा एक प्रयोग चालला होता. वेस्टर्न एशियाटिक गेम्स. अफगाणिस्तान, सिलोन, पॅलेस्टाइन आणि हिंदुस्थान असे चार संघ, दिल्लीत आयर्विन अँफिथिएटर नावाचं नवंकोरं मैदान होतं, भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून आदल्याच वर्षी बांधलेलं, तिथे आणि पतियाळाला मिळून या स्पर्धा झाल्या. पुढची १९३८ ला तेल अवीवला करायची ठरली होती, ती झाली नाही. म्हणजे पूर्वेची एक स्पर्धा मोडली आणि पश्चिमेची एक पहिल्याच पावलावर थांबली. अख्ख्या खंडाची अशी कुठलीच नव्हती. आणि असणार तरी कशी, निम्मा खंड इंग्रजांचा, काही डचांचा, काही फ्रेंचांचा, फिलिपिन्स अमेरिकेचा, एका देशातून दुसऱ्या देशात पत्र पाठवायचं तरी ते कुठल्यातरी युरोपातल्या राजधानीला विचारून.

ही १९३४ ची दिल्लीची स्पर्धा ज्या माणसाने उभी केली तो म्हणजे गुरुदत्त सोंधी. हा माणूस मला फार आवडतो. लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजात प्राध्यापक, नंतर तिथलाच प्रिन्सिपॉल, केंब्रिजला शिकलेला, मैदानी खेळांचं अक्षरशः वेड असलेला, आणि १९३२ पासून आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचा सदस्य. १९३४ ची स्पर्धा पुढे सरकली नाही म्हणून एखादा गप्प बसला असता. मधे दुसरं महायुद्ध झालं, फाळणी झाली, त्याचं लाहोर परक्या देशात गेलं. पण डोक्यातली कल्पना काही गेली नाही.

१९४७ च्या मार्च एप्रिलमध्ये, म्हणजे स्वातंत्र्याच्याही आधी, नेहरूंच्या पुढाकाराने दिल्लीत पुराना किल्ल्यात एशियन रिलेशन्स कॉन्फरन्स भरली होती. सरोजिनी नायडू अध्यक्षा. आशियातले देश पहिल्यांदाच एकमेकांशी थेट बोलत होते. सोंधींनी ते वारं बरोबर ओळखलं, की आता खेळाचंही जमू शकतं, आणि फक्त पश्चिम आशियाचं किंवा फक्त अतिपूर्वेचं नको, सगळ्यांचं मिळून एक. नेहरूंना कल्पना पटली.

मग आलं लंडन. १९४८ च्या ऑलिम्पिकला आशियातले बरेच देश एका गावात होते, आपापले संघ घेऊन, आयतेच जमलेले. सोंधींनी ८ ऑगस्टला माउंट रॉयल हॉटेलात त्यांच्या प्रमुखांची बैठक बोलावली. त्या लोकांचे खेळाडू दिवसभर हरतायत, आशियातले बहुतेक देश ऑलिम्पिकमध्ये तेव्हा प्राथमिक फेरीतच बाद व्हायचे, आणि संध्याकाळी हे सगळे हॉटेलच्या खोलीत बसून ठरवतायत की आपली स्वतःची स्पर्धा करूया. फिलिपिन्सचे होर्हे वार्गास सोंधींच्या बाजूने उभे राहिले. या वार्गासचीही कथा आहे, युद्धात जपानने फिलिपिन्स घेतल्यावर तिथला कारभार ज्यांच्या हाती दिला गेला ते हेच, युद्धानंतर त्याबद्दल त्यांना बरंच सोसावं लागलं. जपानी सत्ता काय असते हे जवळून पाहिलेला माणूस आशियाई स्पर्धेच्या पायाभरणीत होता, हे मला पुढच्या घटनांच्या दृष्टीने महत्त्वाचं वाटतं.

पुढे फेब्रुवारी १९४९ ला दिल्लीत पतियाळा हाउसमध्ये बैठक झाली आणि तिथे रीतसर महासंघ स्थापन झाला. संस्थापक सदस्य पाच, भारत, पाकिस्तान, ब्रह्मदेश, अफगाणिस्तान आणि फिलिपिन्स. हो, पाकिस्तान. फाळणीला दोन वर्षंही झाली नव्हती आणि भारत पाकिस्तान एका कागदावर सही करत होते! पतियाळाचे महाराजा यादवेंद्रसिंह अध्यक्ष झाले. ‘सतत पुढे’ अशा अर्थाचं ब्रीदवाक्य सोंधींचं. दर चार वर्षांनी स्पर्धा, पहिली दिल्लीत, १९५० ला.

पण १९५० ला काही जमलं नाही. तयारीच झाली नव्हती. देशाची अवस्था आठवा, निर्वासितांच्या छावण्या, रेशन, धान्याची टंचाई, दिल्ली शहर स्वतःच फाळणीच्या धक्क्यातून सावरत होतं, त्यात कुणाला धावण्याच्या ट्रॅकचं पडलंय. स्पर्धा वर्षभर पुढे गेली आणि आता कामाची सगळी धुरा अँथनी डिमेलोंकडे आली. मुंबईच्या क्रिकेटवाल्यांना हे नाव माहीत असणारच. क्रिकेट बोर्डाच्या स्थापनेपासूनचा माणूस, चर्चगेटजवळचं क्रिकेट क्लब ऑफ इंडिया आणि ब्रेबॉर्न स्टेडियम उभं राहिलं त्यामागे हेच. मूळ गोव्याचं घराणं, जन्म कराचीचा. एखादी गोष्ट अशक्य आहे असं चार लोक म्हणाले की डिमेलोंना जोर यायचा असं त्यांच्या कामावरून तरी दिसतं. त्यांनी तेच १९३४ वालं आयर्विन अँफिथिएटर घेतलं, नीटनेटकं केलं, आणि त्याला नॅशनल स्टेडियम नाव दिलं. आता त्याला मेजर ध्यानचंद नॅशनल स्टेडियम म्हणतात, इंडिया गेटच्या मागे, दिल्लीला गेलात तर जरूर बघा.

४ मार्च १९५१. राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांनी उद्घाटन केलं. ज्योत लाल किल्ल्यावर सूर्यकिरणांनी पेटवलेली होती, आणि मैदानात ती घेऊन आले ब्रिगेडियर दलीपसिंग, जे १९२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये उतरलेले होते. नेहरूंचा संदेश अगदी साधा होता, खेळ खेळाच्या भावनेने खेळा. ११ देश, ४८९ खेळाडू, आठ दिवस. आजच्या मानाने फारच छोटं, २०२३ ला चीनमधल्या हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत नुसता भारताचाच संघ साडेसहाशेच्या घरात होता.

आता ते ११ देश एकदा डोळ्यासमोर आणा, कारण खरी गोष्ट इथे आहे. भारत, जपान, इराण, फिलिपिन्स, सिंगापूर, ब्रह्मदेश, सिलोन, इंडोनेशिया, अफगाणिस्तान, नेपाळ, थायलंड. यातले फिलिपिन्स, सिंगापूर, ब्रह्मदेश, इंडोनेशिया हे चार देश सहा वर्षांपूर्वीपर्यंत जपानी लष्कराच्या टाचेखाली होते. १९४५ च्या फेब्रुवारी मार्चमध्ये मनिला शहर बेचिराख झालं होतं, एक लाखाच्या आसपास सामान्य माणसं मेली असं सांगतात. सिंगापूर १९४२ ते ४५ जपानच्या ताब्यात होतं, तिथल्या चिनी लोकांची कत्तल झाली होती. म्हणजे दिल्लीच्या त्या मैदानात संचलनाला उभ्या असलेल्या कितीतरी मुलांच्या घरात कुणी ना कुणी जपान्यांच्या हातून गेलेलं असणार. आणि त्यांच्या समोरून जपानचा संघ चालत गेला.

ते घडवून आणणं सोपं नव्हतं. भारताचं जपानशी वैर नव्हतं हे खरं, आपल्याकडे उलट थोडी सहानुभूतीच होती, आझाद हिंद सेनेमुळे म्हणा, जपानी नेत्यांवरच्या युद्धगुन्ह्यांच्या टोकियो खटल्यात न्यायमूर्ती राधाबिनोद पाल यांनी दिलेल्या वेगळ्या निकालामुळे म्हणा. १९४९ ला नेहरूंनी टोकियोच्या मुलांसाठी उएनो प्राणिसंग्रहालयाला इंदिरा नावाची हत्तीण पाठवली होती, कारण तिथले हत्ती युद्धात मारून टाकले होते आणि मुलांनी हत्ती पाहिजे म्हणून पत्रं लिहिली होती. पुढे सॅन फ्रान्सिस्कोच्या परिषदेला भारत गेलाच नाही, १९५२ च्या जूनमध्ये जपानशी वेगळा करार केला. पण भारताला जपानशी चांगलं वागणं सोपं होतं, फिलिपिन्सला नव्हतं. तरी फिलिपिन्स आलं, बास्केटबॉलमध्ये उतरलं, आणि सुवर्ण घेऊन गेलं. रौप्य कुणाला? जपानला. त्या विजयाबद्दल मनिलात काय वाटलं असेल याची कल्पना करून बघा.

कोण नव्हतं तेही सांगायला पाहिजे. पाकिस्तान, संस्थापक सदस्य असून, आलं नाही. कोरियात युद्ध पेटलेलं होतं, ते येणं शक्यच नव्हतं. ज्या लंडनच्या बैठकीत ही कल्पना मांडली तिथे चीन आणि कोरियाची माणसं होती, आणि तीन वर्षांत दोन्ही देशांची अशी अवस्था झाली की प्रत्यक्ष स्पर्धेत दोघेही नाहीत.

बरं, खेळ कुठले होते? ॲथलेटिक्स, पोहणं आणि त्यातच डायव्हिंग वॉटर पोलो, फुटबॉल, बास्केटबॉल, सायकलिंग, वेटलिफ्टिंग. बस. हॉकी नाही! १९४८ ला आपण ऑलिम्पिक जिंकलेलो, जगात आपल्यासमोर कुणी उभं राहू शकत नव्हतं, आणि स्वतःच्या घरच्या स्पर्धेत हॉकी ठेवलेली नाही. हॉकी आली थेट १९५८ ला टोकियोत आणि ती पाकिस्तानने जिंकली. कुस्तीही नव्हती, ती १९५४ ला मनिलात आली. आपल्या कोल्हापूर सातारच्या माणसाला याची चुटपुट लागणारच, कारण खाशाबा जाधव तेव्हा ऐन जोरात होते, ४८ ला लंडनला सहावे आलेले, पुढच्याच वर्षी ५२ ला हेलसिंकीत त्यांनी कांस्य आणलं. दिल्लीला बँटमवेट गटात कुस्ती असती तर... जाऊ दे. कबड्डीला तर १९९० पर्यंत थांबावं लागलं.

पदकांत जपान पहिला, २४ सुवर्ण. भारत दुसरा, १५ सुवर्ण, १६ रौप्य, २० कांस्य. महिलांच्या ॲथलेटिक्समधली तर सगळीच्या सगळी सुवर्णपदकं जपानच्या मुलींनी नेली. वेटलिफ्टिंग इराणचं. पोहण्यात जपान नव्हता आणि सिंगापूरचा निओ च्वी कोक हा मुलगा चार सुवर्ण घेऊन गेला.

भारताचं पहिलं सुवर्ण मात्र पोहण्यातूनच आलं. सचिन नाग, १०० मीटर फ्रीस्टाइल, १ मिनिट ४.७ सेकंद. मूळ बनारसचा, पोहायला कलकत्त्यात आलेला. १९४७ च्या दंगलीत त्याच्या पायाला गोळी लागली होती, डॉक्टरांना वाटत होतं आता पोहणं विसरा, आणि हा ४८ ला लंडन ऑलिम्पिकला गेला आणि ५१ ला दिल्लीत सुवर्ण. आशियाई स्पर्धेत पोहण्यात भारताला सुवर्ण मिळालं ते तेवढंच, त्यानंतर हांगझोऊपर्यंत एकही नाही. डायव्हिंगमध्ये के. पी. ठक्कर यांनी स्प्रिंगबोर्ड आणि प्लॅटफॉर्म दोन्ही जिंकली, वॉटर पोलोचंही सुवर्ण आपल्याला. हे आज सांगितलं तर लोकांना खरं वाटत नाही.

फुटबॉलबद्दल वेगळा लेख होईल एवढं आहे. शैलेन मन्ना कप्तान, हैदराबादचे रहीमसाहेब कोच, संघातले बरेचसे अनवाणी खेळणारे. इंडोनेशियाला ३-०, अफगाणिस्तानला ३-०, आणि फायनलला इराणला १-०, गोल साहू मेवालालचा. एकही गोल न खाता आख्खी स्पर्धा जिंकली. पुढच्या वर्षी हेलसिंकीला युगोस्लाव्हियाने १०-१ ने हरवलं तेव्हा बूट घालायचा निर्णय झाला, पण ते नंतरचं.

आता मुंबईचं. कारण या पहिल्या स्पर्धेतलं मुंबईचं काम खरोखर मोठं आहे आणि आपण मुंबईकर ते पार विसरलोय. लेव्ही पिंटो, मुंबईचा धावपटू, १०० मीटर १०.८ सेकंदांत, २०० मीटर २२ सेकंदांत, दोन्ही सुवर्ण, जपान्यांना मागे टाकून. पुरुषांच्या १०० मीटरमध्ये त्यानंतर हांगझोऊपर्यंत एकाही भारतीयाला आशियाई सुवर्ण मिळालेलं नाही. सत्तर वर्षांहून जास्त! मुंबईत त्याच्या नावाचं काही आहे का, एखादा ट्रॅक, एखादा चौक? माझ्या तरी पाहण्यात नाही.

आणि मुली. रोशन मिस्त्री, मुंबईची पारशी मुलगी, १०० मीटरमध्ये रौप्य. मेरी डिसूझा, वांद्र्याची, घर मूळ गोव्याचं, २०० मीटरमध्ये कांस्य. ४ बाय १०० रिलेला भारताचं रौप्य, त्यात रोशन, मेरी, पॅट मेंडोन्सा, बानू गझदर. ही चारही आडनावं परत एकदा वाचा, दोन पारशी आणि दोन ख्रिश्चन. १९५१ साली बाकी घराघरात मुलींना मोकळ्या मैदानात, हजारो लोकांसमोर, अर्ध्या चड्डीत पळू देणं ही कल्पनाही कुणाच्या डोक्यात येत नव्हती, मराठी घरांतही नाही, हे आपण मान्य करायला पाहिजे. ज्या घरांनी ते होऊ दिलं त्या घरांतल्या मुलींनी भारताला पदक दिलं, आणि ते पदक सगळ्या देशाच्या नावावर लागलं.

मेरी डिसूझांबद्दल थोडं जास्त लिहितो. त्या नुसत्या धावपटू नव्हत्या, हॉकीही देशाकडून खेळल्या. १९५२ ला हेलसिंकी ऑलिम्पिकसाठी निवड झाली तेव्हा जाण्यायेण्याचे पैसे खेळाडूने जमवायचे असा मामला होता, ओळखीच्या लोकांनी वर्गणी काढून, कार्यक्रम करून त्यांना पाठवलं. स्वतंत्र भारताच्या पहिल्या महिला ऑलिम्पियनपैकी त्या एक, सोबत कलकत्त्याची निलिमा घोष. आणि १९५४ ला मनिलाच्या दुसऱ्या आशियाई स्पर्धेत ४ बाय १०० रिलेत ख्रिस्तिन ब्राउन, स्टेफी डिसूझा, व्हायोलेट पीटर्स आणि मेरी डिसूझा या चौघींनी सुवर्ण आणलं. आशियाई स्पर्धेतलं भारतीय महिलांचं ते पहिलं सुवर्ण. दिल्लीत ज्या शर्यतीत जपानच्या मागे दुसऱ्या आल्या होत्या, तीच शर्यत तीन वर्षांनी जिंकली. हे वाचलं तेव्हा अंगावर काटा आला, खरंच.

तेव्हाच्या रिलेचा विचार करा जरा. मातीचा, कोळशाच्या चुऱ्याचा ट्रॅक, त्यावर धावताना पाय सरकतो, पडलं तर गुडघ्यात तो चुरा घुसतो आणि ब्रशने घासून काढावा लागतो. आजच्यासारखे ब्लॉक्स नाहीत, सराव एकत्र मिळाला तर मिळाला, बॅटन देताना मागे न बघता हात पुढे आलाच पाहिजे एवढा विश्वास त्या चौघींना एकमेकींवर ठेवावा लागत होता. कोच, फिजिओ, डाएट, यातलं काही नाही. नोकरी, घर सांभाळून संध्याकाळी मैदानात.

आणि हे १५ सुवर्णांचं काय झालं ते ऐका. भारताने पुढे कितीतरी आशियाई स्पर्धा खेळल्या, ८२ ला परत दिल्लीतच झाल्या, पण १५ सुवर्णांचा आकडा पुन्हा गाठायला २०१८ उजाडलं. जकार्तात. तिथे आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने २५ मीटर पिस्तुलमध्ये सुवर्ण मिळवलं होतं, आशियाई सुवर्ण मिळवणारी पहिली भारतीय महिला नेमबाज. मग हांगझोऊला २८ सुवर्ण, त्यात बीडच्या आष्टी तालुक्यातला आमचा अविनाश साबळे स्टीपलचेसमध्ये, नागपूरच्या ओजस देवतळेची तीन, पुण्याच्या ऋतुजा भोसलेचं मिश्र दुहेरीत बोपण्णासोबत. पण दुसरा क्रमांक? तो ५१ नंतर कधीच नाही.

सोंधींचं पुढे काय झालं हे सांगितल्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही, आणि ते वाचून मला फार वाईट वाटलं. १९६२, चौथी आशियाई स्पर्धा, जकार्ता. इंडोनेशियाने इस्राएल आणि तैवानच्या खेळाडूंना व्हिसाच दिला नाही, राजकीय कारणांसाठी. पुन्हा तोच प्रश्न, बोलावणं कुणाला. सोंधी तेव्हा महासंघाचे उपाध्यक्ष, त्यांनी भूमिका घेतली की सदस्य देशांना दाराबाहेर ठेवून केलेल्या स्पर्धेला आशियाई स्पर्धा हे नाव लावता येणार नाही. ज्या माणसाने ही स्पर्धा उभी केली तोच तिचं नाव काढून घ्या म्हणत होता. जकार्तात लोक भडकले, जमावाने भारतीय दूतावासावर हल्ला केला, सोंधींना घाईघाईने देश सोडावा लागला. दुसऱ्या दिवशी फुटबॉलची फायनल होती, भारत विरुद्ध दक्षिण कोरिया, आणि ते भरगच्च स्टेडियम आपल्या पोरांची पूर्ण वेळ हुर्यो उडवत होतं, राष्ट्रगीतालासुद्धा. तशात पी. के. बॅनर्जी आणि जर्नैलसिंगने गोल केले आणि आपण २-१ ने जिंकलो. १९६३ ला आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने इंडोनेशियाला निलंबित केलं, तर सुकार्णोंनी गॅनेफो नावाची वेगळीच स्पर्धा भरवली.

१९६२ मधली सोंधींची भूमिका बरोबर होती का यावर आजही दोन मतं होऊ शकतात. नव्याने स्वतंत्र झालेले देश आपलं राजकारण स्पर्धेबाहेर कसं ठेवणार, हा इंडोनेशियाचा मुद्दा अगदीच टाकाऊ नव्हता. पण माझं मत सोंधींच्या बाजूने आहे. ज्या माणसाने मंचुकुओवरून एक स्पर्धा मोडताना पाहिली, आणि ५१ ला फिलिपिन्स आणि जपानला एका मैदानात उभं राहिलेलं पाहिलं, त्याला कुणालाही दाराबाहेर ठेवणं मान्य होणं शक्यच नव्हतं. १९६६ ला ते गेले.

आणि मान्यता? मेरी डिसूझांना ध्यानचंद पुरस्कार २०१३ ला मिळाला, त्यांची धाव १९५१ ची. सचिन नाग १९८७ ला गेले, त्यांना तोच पुरस्कार २०२० ला मिळाला, मरणोत्तर. ही दिरंगाई लाजिरवाणी आहे, दुसरा शब्द नाही.

मुंबईत, वांद्र्यात, भायखळ्यात, दादर पारशी कॉलनीत अजूनही अशी घरं असतील जिथे आजीच्या कपाटात ५१ च्या दिल्लीचा एखादा फोटो, ब्लेझरचा बिल्ला, पेपरचं कात्रण पडलंय. कुणाच्या घरात असेल तर प्लीज स्कॅन करून ठेवा, मागे नावं लिहा, कोण कुठे उभं आहे ते घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला आजच विचारा. रिलेच्या त्या चौघींपैकी पॅट मेंडोन्सा आणि बानू गझदर यांच्याबद्दल तर मला दोन ओळींपलीकडे काही सापडलं नाही, कुणाकडे असेल तर खाली लिहा, मी पुढचा लेख त्यांच्यावरच करतो.